पटकथा लिहूं पाहणारांस

गेल्या चार-पांच वर्षांत पाटोद्यास माझ्याकडे वाचावयास येणाऱ्या हस्तलिखितांत कवितांच्या वह्या कमी होत चालल्या असून पटकथा वाढत चालल्या आहेत. पूर्वीं कॉलेजांतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा भीत भीत वही पुढें करी; आतां तोच मुलगा खिशांतून मोबाइल काढतो आणि "सर, एक स्क्रिप्ट आहे, तेवढी नजरेखालून घाला" असें म्हणतो. या पालटाबद्दल मला खंत वाटत नाहीं. वाईट कवितेपेक्षां वाईट पटकथा वाचणें अधिक कष्टाचें असतें, कारण ती लांब असते, एवढीच काय ती माझी तक्रार. बालाघाटाच्या या कोरड्या डोंगरपट्ट्यांतील माणसाला आपली गोष्ट पडद्यावर दिसावी असें वाटूं लागलें, हें चांगलेंच झालें. शेजारच्या जामखेडचे रामदास फुटाणे यांनीं 'सामना' या चित्रपटाची निर्मिति केली त्याला आतां पन्नास वर्षें झालीं. आणि सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरचे नागराज मंजुळे यांचे २०१३ सालचा 'फँड्री' व २०१६ सालचा 'सैराट' हे चित्रपट तर आजच्या मुलांनीं स्वतः पाहिलेले आहेत. तेव्हां 'आपण कां नाहीं?' हा प्रश्न त्यांच्या मनांत उठावा हें स्वाभाविक आहे.

या हस्तलिखितांपैकीं एक माझ्या मनांतून जात नाहीं. तें घेऊन आलेला तरुण मांजरा नदीच्या उगमाकडील एका वाडीचा. आईबाप वीस-बावीस हंगाम ऊसतोडीला गेलेले. हा स्वतः अर्धें वर्ष आजीजवळ आणि अर्धें वर्ष फडावर असा वाढलेला. एकशेंचाळीस पानांची पटकथा त्यानें मोबाइलवर अंगठ्यानें लिहिली होती. ती माझ्या स्वाधीन करतांना त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. घरच्या तीन एकरांपैकीं एक एकर विकून त्या पैशांत चित्रपट काढावयाचा त्याचा बेत होता. गिऱ्हाईक ठरलें होतें. माझें मत अनुकूल पडलें तर दसऱ्यापूर्वीं खरेदीखत व्हावयाचें होतें. परीक्षणाचें काम मीं आजवर पुष्कळ केलें, परंतु माझ्या अभिप्रायावर कोणाचें शेत अवलंबून असल्याचा हा पहिलाच प्रसंग. ती पटकथा मीं एकदां नव्हे, तीन वेळां वाचली.

आरंभीच्या दृश्यांत पहाटेचा फड आहे. दहिंवर पडलें आहे, कोयते चालले आहेत. इतक्यांत नायकाची आई ऊस तोडतां तोडतां कंबर सरळ करून उभी राहते आणि बोलूं लागते. ती तीन पानें बोलते. उचल, मुकादम, कारखानदार, पावसानें दिलेला दगा, पोरांची मोडलेली शाळा, बाईच्या देहाची झालेली हेळसांड, कांहींहि सुटलेलें नाहीं. तिच्या भाषणांत 'शोषण' हा शब्द नऊ वेळां आणि 'व्यवस्था' हा सहा वेळां आला आहे. त्यांतलें एकहि वाक्य खोटें नाहीं. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडींत भरून पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतें, मध्यरात्रीं ट्रक आला तर मध्यरात्रीं उठून मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढावें लागतें, हें आमच्या तालुक्यांत कोणाला शिकवावें लागत नाहीं. परंतु मुकादम बांधावर उभा असतां कोयता खालीं ठेवून तीन पानें बोलणारी बाई मीं अजून पाहिलेली नाहीं.

मीं त्याला विचारलें, "तुझी आई खरेंच असें कधीं बोलली होती काय?"

तो ओशाळला. म्हणाला, "न्हाई सर. आई हिशेबाच्या दिवशी तर कधीच कायी बोलली न्हाई." आणि मग, मीं विचारलें नसतांहि, त्यानें सांगितलें तें असें. आईला अक्षरओळख नव्हती. बिऱ्हाडाबरोबर नेलेल्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला ती आंतल्या बाजूनें कोळशानें रेघा मारी; एक खेप, एक रेघ. पांच रेघा झाल्या कीं त्यांवर एक आडवी. एका वर्षीं पट्टा पडल्यावर मुकादमानें वही वाचली, तों वहींतल्या खेपा झाकणावरच्या रेघांपेक्षां पुष्कळ कमी. बापानें अंगठा केला. आई कांहींच बोलली नाहीं. घरीं परतल्यावर प्रवासाचीं भांडीं घांसतां घांसतां तिनें ट्रंकेचें झाकणहि राखेनें घांसून लख्ख केलें.

"हें तुझ्या पटकथेंत कोठें आहे?" मीं विचारलें.

"हे कामून, सर?" तो आश्चर्यानें म्हणाला. "ह्याच्यात तं कुनी बोलतच न्हाई."

त्याच्या या उत्तरांतच आमच्या होतकरू पटकथाकारांचा सारा रोग आहे. ज्यांत कोणी बोलत नाहीं तें लिहिण्यासारखें नव्हे, अशी त्यांची समजूत आहे. आणि तिचा दोष सर्वस्वीं त्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. मराठी बोलपट नाटकाच्या घरांत वाढला. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' मुका होता, तोंपर्यंत गोष्ट डोळ्यांनींच सांगणें भाग होतें. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' बोलूं लागला, आणि संगीत नाटकांतल्या भाषणांची व पदांची संवय असलेला आमचा प्रेक्षक कान टवकारून बसला. संवाद चांगले म्हणजे चित्र चांगलें, हा हिशेब तेव्हांपासून घराघरांत रुजला. आजहि एखाद्या चित्रपटाची शिफारस करतांना आपण 'डायलॉग काय आहेत!' असेंच म्हणतों.

आणि तरीहि त्या बोलक्या काळांतलीं जीं चित्रें टिकलीं, तीं संवादांवर टिकलेलीं नाहींत. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' पाहावा. दामले व फत्तेलाल यांचें दिग्दर्शन, शिवराम वाशीकर यांचें लेखन. पुढल्याच वर्षीं व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकोबांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, परंतु माझ्या मतें या चित्राचा कणा जिजाई आहे. गौरी यांनीं ती भूमिका केली. जिजाई तत्त्वज्ञान सांगत नाहीं; ती राबते. पोर आजारी पडलें आणि नवरा भजनांतून उठत नाहीं, तेव्हां ती देवावर रुसून अभंग रचीत नाहीं, पायांतली वहाण हातीं घेऊन देवालाच जाब विचारावयास देवळांत जाते. आणि शेवटीं वैकुंठाचें बोलावणें येतें, तेव्हां तिला पोरांचा व चुलीचा व्याप सोडवत नाहीं. भक्ति मोठी कीं संसार मोठा, या वादावर कोणीहि चार पानांचा संवाद लिहूं शकला असता. येथें तो वाद एका वहाणेनें आणि एका चुलीनें सांगितला आहे.

याच चित्रांतली आणखी एक गोष्ट नव्या लेखकांनीं ध्यानांत घ्यावी. त्यांतला 'आधीं बीज एकलें' हा अभंग तुकोबांचा नव्हे. तो शांताराम आठवले यांनीं या चित्रासाठीं रचला. पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटला. दुसऱ्याच्या तोंडीं शब्द घालतांना आपला शब्द दिसूं नये, याचें याहून चांगलें उदाहरण मला आठवत नाहीं.

१९३७ च्या 'कुंकूं' विषयीं थोडक्यांतच सांगतों. नारायण हरी आपटे यांनीं आपल्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तें लिहिलें. कादंबरीकाराला आपले शब्द सोडवत नसतात. पण येथें शांतारामबापूंनीं पार्श्वसंगीतसुद्धां वर्ज्य केलें, आणि घरांत खरोखर जे आवाज होतील तेवढ्यांवरच काम भागविलें. म्हाताऱ्या वकिलाशीं फसवून लग्न लावलेल्या त्या मुलीची घुसमट त्या आवाजांतून जितकी ऐकूं येते तितकी कोणत्याहि स्वगतांतून आली नसती.

'सामना' चें उदाहरण माझ्याविरुद्ध पुढें केलें जातें, आणि तें योग्यच आहे. त्यांत बोलणें पुष्कळ आहे. लेखक विजय तेंडुलकर नाटककार, दिग्दर्शक जब्बार पटेल नाटकांतूनच आलेले, आणि समोरासमोर निळू फुले व श्रीराम लागू. तेथें बोलणें नसेल तर कोठें असेल? शिवाय विषय साखरेच्या राज्याचा, म्हणजे आमच्या मुलांच्या अगदीं जवळचा. म्हणून तीं 'सामना' समोर ठेवतात आणि त्याचीं भाषणें गिरवितात. पण त्यांतलें बोलणें कशासाठीं आहे हें पाहात नाहींत. दारूच्या आहारीं गेलेला एक जुना देशभक्त मास्तर हिंदुराव धोंडे-पाटलाच्या गांवांत येऊन पडतो आणि मारुती कांबळे नांवाच्या माणसाचें काय झालें, एवढेंच पुनःपुन्हां विचारीत राहतो. तो प्रश्न म्हणजे मत नव्हे, व्याख्यान नव्हे. तो पाटलाच्या साम्राज्याच्या भिंतीवर एकाच ठिकाणीं पडणारा घण आहे. प्रत्येक वेळीं तो विचारला गेला कीं कोणीतरी अस्वस्थ होतो, कोणीतरी कांहीं लपवितो. बोलण्यानें कांहीं घडत असेल तर खुशाल बोलावें. माझ्या तरुण मित्राच्या आईचें तीन पानी भाषण संपल्यावर फडावर काय बदलतें? कांहीं नाहीं. ती पुन्हां कोयता उचलते.

आतां 'फँड्री' कडे वळूं. कारण प्रत्येक होतकरू लेखक त्याचें नांव घेतो आणि फारच थोड्यांनीं तो लेखकाच्या डोळ्यांनीं पाहिला आहे. जब्या नांवाचा कैकाडी समाजांतला पोर, शाळेंतल्या एका मुलीवर त्याचें न बोललेलें प्रेम, आणि गांवांतलीं डुकरें धरण्याचें बापाकडे आलेलें काम. शाळेच्या अंगणाशेजारीं सारें कुटुंब डुकराच्या मागें धांवत आहे. गांव बघ्यासारखा उभा आहे. सोबतचीं पोरें हंसत आहेत. डुक्कर आतां हातीं लागणार, इतक्यांत शाळेंतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सारीं जागच्या जागीं ताठ उभीं राहतात. डुक्कर निघून जातें. कागदावर हा प्रसंग पांच-सहा ओळींत मावेल. त्यांत जात आहे, शाळा आहे, राष्ट्र आहे, बापाची लाचारी आहे, आणि हंसूंहि येतें. तें हंसूं येतें म्हणूनच पुढें घशाशीं अडकतें. यानंतर मारलेलें डुक्कर काठीला टांगून नेतांना मागें शाळेची भिंत दिसते, तिच्यावर आंबेडकर आणि फुले यांचीं चित्रें आहेत. एखादा कच्चा लेखक तेथें जब्याच्या तोंडीं एक तरी वाक्य घालताच. मंजुळे यांनीं घातलें नाहीं. शेवटीं जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट आपल्याकडे येतो.

'सैराट' नें मात्र, स्वतःचा कांहीं दोष नसतां, आमच्या मुलांचें नुकसान केलें आहे. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या पटकथांत पळून जाणारीं जोडपीं इतकीं झालीं कीं त्यांच्यासाठीं पाटोद्याच्या स्थानकांतून एक वेगळी एस्. टी. सोडावी. विहिरींतली उडी, वाडा, मोटारसायकल, सारें जसेंच्या तसें. मूळ चित्राच्या अखेरीस रक्तानें भरलेल्या पावलांनीं चालणारें तें मूल आणि काढून घेतलेला आवाज, एवढ्यावर सारा चित्रपट उभा आहे, हें कोणी उचलीत नाहीं. उचलण्यासारखें तेंच होतें.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतों, कारण या बाबतींत आमच्याकडे फार अंधार आहे. पटकथेचें एक पान म्हणजे पडद्यावर सुमारें एक मिनिट, असा ढोबळ अंदाज या धंद्यांत धरतात. त्या तरुणाला मीं घड्याळ लावून तीन मिनिटें नुसतें गप्प बसावयास सांगितलें. दुसऱ्या मिनिटाला तो चुळबुळूं लागला. तीन पानी भाषण म्हणजे काय, हें मग त्याला वेगळें सांगावें लागलें नाहीं. प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर क्रमांक, स्थळ, आंत कीं बाहेर, दिवस कीं रात्र, एवढें लिहावयाचें असतें. ही कारकुनी नव्हे. चित्रण गोष्टीच्या क्रमानें होत नाहीं. एका स्थळाचीं सारीं दृश्यें एकदम उरकलीं जातात, आणि त्या चार शब्दांवरून खर्चाचा अंदाज बांधला जातो. आमच्या पटकथेंत रात्रीचीं एकतीस दृश्यें उघड्या फडावर होतीं, एक पूर होता, आणि पेटलेला ऊस होता. रात्रीच्या फडावर प्रकाश पाडावयाचा म्हणजे दिवे आले, जनित्र आलें, माणसें आलीं. तें एक एकर पहिल्या आठवड्यांतच जळून गेलें असतें.

लिहावें तें वर्तमानकाळांत, आणि दिसेल व ऐकूं येईल तेवढेंच. 'तिला अपार दुःख झालें' हें छायाचित्रकाराला टिपतां येत नाहीं. 'ती झाकण घांसते' हें येतें. कॅमेरा कोठें ठेवावा हें मात्र लेखकानें सांगूं नये. तें दिग्दर्शकाचें काम असून, त्याला तें शिकविलेलें आवडत नाहीं.

भाषेविषयीं माझा थोडा हट्ट आहे. मराठी चित्रपटांतली खेडवळ बोली पुष्कळ काळ कोल्हापूर-साताऱ्याकडची राहिली, कारण चित्रपट तिकडे निघत. ती ऐकून ऐकून आमचीं मुलें आपल्या आजीच्या तोंडींसुद्धां 'कशापायी' घालतात. पाटोद्याची आजी 'कामून' म्हणते. 'माझं' न म्हणतां 'मपलं' म्हणते. जो मुलगा माझ्यासमोर सहज 'कामून' बोलला, त्याच्या एकशेंचाळीस पानांत तो शब्द एकदांहि नव्हता. पुस्तकी मराठी आणि उसनी गांवरान मराठी यांच्यामध्यें त्याच्या आईची स्वतःची भाषा हरवली होती. बोलीचा अतिरेक करून प्रेक्षकांना हंसविण्याचा मोहहि टाळावा, पण तें येथें फारसें लागू नाहीं.

आपली गोष्ट कोणी चोरील, या भयानें पुष्कळजण ती कोणालाच दाखवीत नाहींत. मुंबईस पटकथालेखकांची संघटना आहे, तिच्याकडे संहितेची नोंद करतां येते. ती अवश्य करावी. परंतु कायदा नुसत्या कल्पनेचें रक्षण करीत नाहीं हें समजून असावें. 'नवी दिल्ली' हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला अशी तक्रार आर. जी. आनंद यांनीं केली होती, तिचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं दिला. कल्पना सर्वांची, मांडणी ज्याची त्याची, असा त्याचा मथितार्थ, आणि नाटककार हरले. म्हणजे 'ऊसतोड कामगारांवर चित्रपट' ही कोणाची मालमत्ता होऊं शकत नाहीं. झाकणावरच्या रेघा ज्या रीतीनें लिहिल्या जातील ती रीत होऊं शकते. २०१२ च्या दुरुस्तीनें कायद्यानें लेखकाला स्वामित्वधनाचा जो वाटा दिला आहे, तो करारावर सही करण्यापूर्वीं वकिलाकडून समजून घ्यावा. आणि पटकथा वाचण्यासाठीं किंवा 'पुढें सरकविण्यासाठीं' जो पैसे मागतो, त्याचें दार पुन्हां ठोठावूं नये. अशा एका गृहस्थानें या मुलाकडून कांहीं रक्कम पूर्वींच घेतली होती. ती परत आलेली नाहीं.

शेत विकूं नये, असें मीं त्याला स्पष्ट सांगितलें. माझें मत प्रतिकूल पडलें म्हणून त्याचा चेहरा उतरला, तो मला पाहवला नाहीं. पण मत पटकथेविषयीं प्रतिकूल होतें, त्याच्याविषयीं नव्हतें. आणि कागदाला एकर लागत नाहीं. मंजुळे यांनींहि 'फँड्री' पूर्वीं 'पिस्तुल्या' हा लघुपट केला होता. झाकणाची गोष्ट बारा-पंधरा मिनिटांत बसेल, पुरानें व आगीनें तिचें कांहीं अडत नाहीं, आणि ट्रंक घरांत आहेच. हें सारें त्यानें ऐकून घेतलें आणि नमस्कार करून निघून गेला. तो पुन्हां येईल असें मला वाटलें नव्हतें.

पोळ्यानंतर तो आला. अठरा पानें होतीं. आईला वाचून दाखविलीं काय, असें मीं विचारलें. दाखविलीं होतीं. तिनें सगळें ऐकून घेतलें, मुकादमाच्या वहीच्या दृश्याला ती उठून पाणी प्यावयास गेली, आणि शेवटीं एकच हरकत घेतली. "राख कुठली आली? फडावरून आल्यावर चूल तरी पेटली व्हती का? माती व्हती ती." राख कीं माती, पडद्यावर अधिक काय चांगलें दिसेल, असें त्यानें मला विचारलें. मीं म्हणालों, चूल पेटली नव्हती ना, मग माती. त्यानें माझ्यासमोरच तेवढा शब्द बदलला.

पटकथा अजून पुरी झालेली नाहीं. वहीचें दृश्य दोन ठिकाणीं आलें आहे, त्यांतलें एक काढावें लागेल. बापाच्या अंगठ्यानंतर एक गाणें आहे, तेंहि माझ्या मतें नको, पण तें सोडावयास तो तयार नाहीं. गिऱ्हाईकाला त्यानें तूर्त नकार कळविला आहे. आईबाप यंदाहि दसऱ्यानंतर निघतील, आणि या खेपेस तो मोबाइल घेऊन त्यांच्याबरोबर फडावर जाणार आहे.